पिल्लाची लूत

शेताच्या राखणीला कुत्रे लागते. मेंढरांच्या वाड्यावर कुत्रे लागते. रात्री दारात कोण आले, हे घरधन्याच्या आधी कुत्र्याला कळते. म्हणून खेड्यात घरोघर पिल्लू पाळतात. पोरे त्याला हाक मारायला एखादे नाव देतात. मोत्या, वाघ्या, चांदी, काळू. घरची बाई त्याला भाकरीचा तुकडा टाकते. म्हातारे आजोबा त्याला हाडहूड करतात आणि मग आपल्या घोंगडीवर निजूही देतात. चार दिवसांत पिल्लू घरचेच होऊन जाते.

पुढे एखाद्या दिवशी पिल्लाच्या डोळ्याभोवतीचे केस गेलेले दिसतात. नाही तर कानाची कड खरबरीत होते. पिल्लू सारखे अंग खाजवू लागते. महिनाभरात अंग उघडे पडते, कातडी जाड होते, अंगाला वास येऊ लागतो. मग काल ज्याला जवळ घेतले, त्यालाच आज काठी दाखवतात. “याला लूत लागली, घालवा याला,” असे घरातलेच म्हणू लागतात. कोणी पिल्लाला पोत्यात घालून शिवेपलीकडे सोडून येतो. कोणी त्याच्या अंगाला इंजिनाचे जळके तेल फासतो. पिल्लू उपाशी मरते, नाही तर त्या तेलाने मरते. पुष्कळदा लुतीपेक्षा लुतीची भीतीच पिल्लाचा घात करते.

आम्हाला या पाठात एकच गोष्ट सांगायची आहे. लूत बरी होते. मात्र ती कोणत्या जातीची आहे हे आधी ओळखले पाहिजे, आणि औषध पुरते दिवस दिले पाहिजे. एवढे समजले की पिल्लाला घालवावे लागत नाही आणि घरातल्या लेकरांनाही त्रास होत नाही.

लूत कशाने होते?

लूत कोणाच्या नजरेने होत नाही. उष्णतेने होत नाही. पिल्लाने काही भलते खाल्ले म्हणूनही होत नाही. लूत होते ती एका बारीक किड्याने.

मिरचीवर, वांग्यावर लाल कोळी पडतो, तो तुम्हाला ठाऊक आहे. पानामागे बारीक ठिपके दिसतात आणि पान आकसते. लुतीचा किडा याच लाल कोळ्याच्या भाऊबंदांपैकी आहे. गोचीडही याच कुळातले. या साऱ्यांना पूर्ण वाढल्यावर आठ पाय असतात. गोचीड डोळ्यांना दिसते. लुतीचा कोळी मात्र इतका लहान असतो, की त्याच्यासारखे तीन कोळी एकापुढे एक ठेवले तर कशीबशी १ मिलिमीटर लांबी भरेल. म्हणून तो नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. तो पाहायला सूक्ष्मदर्शक यंत्र लागते. या यंत्रातून लहान वस्तू शेकडो पट मोठी दिसते.

तुम्ही म्हणाल, डोळ्यांना न दिसणारा किडा पहिल्यांदा सापडला तरी कसा? ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

माणसाला खरूज होते. खरजेचा कोळी आणि कुत्र्याच्या लुतीचा कोळी हे अगदी जवळचे नातेवाईक. इटली देशात बोनोमो नावाचा एक डॉक्टर होता आणि चेस्टोनी नावाचा एक औषधे विकणारा होता. गरीब बाया आपल्या खरूज झालेल्या पोरांच्या कातडीतून सुईच्या टोकाने काहीतरी बारीक टिपून काढतात, हे चेस्टोनीने पाहिले होते. दोघांनी ते बारीक कण सूक्ष्मदर्शकाखाली धरले. पाहतात तो जिवंत किडा! ही गोष्ट १६८७ सालची. पण मोठमोठ्या डॉक्टरांचा त्यावर विश्वास बसला नाही. पुढे १८३४ साली पॅरिस शहरात रेनुची नावाच्या एका विद्यार्थ्याने भर सभेत सुईने असा किडा काढून दाखवला. ही युक्ती तो आपल्या मुलखातल्या खेडवळ बायांकडून शिकला होता. तेव्हा कोठे सर्वांची खात्री पटली. पाहा, जे शहाण्यासुरत्यांना दीडशे वर्षे पटले नाही, ते खेड्यातल्या आयाबायांना आधीच ठाऊक होते!

लुतीच्या दोन जाती

पिल्लांना होणारी लूत मुख्यतः दोन जातींची असते. दोन्हींत केस जातात. पण दोन्हींचे किडे वेगळे, वागणे वेगळे आणि इलाजही थोडे वेगळे. म्हणून हा भाग सावकाश वाचा.

पहिली जात म्हणजे खाजेची लूत. हिचा कोळी गोल असतो. त्याची मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा पोखरते. पोखरत पोखरत ती पुढे जाते आणि मागे अंडी घालत राहते. थोड्या दिवसांत अंडी फुटतात. दोन-तीन आठवड्यांत त्यांतून निघालेली पिले मोठी होतात आणि ती पुन्हा अंडी घालतात. म्हणून ही लूत झपाट्याने वाढते.

हिची मोठी खूण म्हणजे खाज. पिल्लाला क्षणभर चैन पडत नाही. खाता खाता ते थांबते आणि खाजवते. झोपेतून उठून खाजवते. आधी कानांच्या कडा, कोपरे, मागच्या पायांचे घोटे आणि पोट येथले केस जातात. तेथे बारीक पुरळ उठतो आणि पिवळसर खपल्या धरतात. ही लूत फार सांसर्गिक आहे. एका कुत्र्याची दुसऱ्याला लागते. एकत्र निजले, एका गोणपाटावर लोळले, तरी लागते.

दुसरी जात म्हणजे केसांच्या मुळांची लूत. हिचा कोळी विडीसारखा लांबट असतो. तो बोगदे पोखरत नाही. केस जेथून उगवतो त्या बारीक खळग्यात तो राहतो. आता एक नवलाची गोष्ट ऐका. हा कोळी बहुतेक सर्व धडधाकट कुत्र्यांच्या अंगावरही थोडाफार असतो आणि काही त्रास देत नाही. पिल्लू जन्मल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत आईच्या अंगाला बिलगून दूध पिते. तेव्हाच तो आईच्या अंगावरून पिल्लाच्या अंगावर येतो. दूध पिताना पिल्लाचे तोंड आणि पुढचे पाय आईला घासतात. म्हणून ही लूत पुष्कळदा डोळ्यांभोवती, ओठांजवळ आणि पुढच्या पायांवर प्रथम दिसते.

मग सगळ्याच पिल्लांना ही लूत का होत नाही? कारण अंगात रोगाशी झगडण्याची ताकद असते. ती ताकद या कोळ्याला आवरून धरते. काही पिल्लांत ती जन्मापासून कमी असते. काहींत जंतांमुळे किंवा उपासमारीमुळे ती कमी पडते. राखणदार झोपला की चोरांचे फावते. तसे अंगाची ताकद कमी झाली की हे कोळी भराभर वाढतात आणि केस गळू लागतात.

या लुतीत सुरुवातीला खाज नसते, किंवा अगदी थोडी असते. रुपयाच्या नाण्याएवढे दोन-चार चट्टे पडतात. असे थोडेच चट्टे असले तर बहुतेक पिल्ले दोन-एक महिन्यांत, अंगाची ताकद वाढली की, आपोआप बरी होतात. पण चट्टे वाढत जाऊन सर्व अंगभर पसरले, पाय सुजले, पू येऊ लागला, तर मात्र दुखणे मोठे झाले असे समजावे. मग इलाजावाचून गत्यंतर नाही.

ही दुसऱ्या जातीची लूत माणसाला लागत नाही. मोठ्या निरोगी कुत्र्यालाही एरवी लागत नाही.

घरच्या घरी अंदाज कसा घ्यावा?

पक्के निदान पशुवैद्याचे. तरी दवाखान्यात जाण्यापूर्वी तुम्हाला थोडा अंदाज घेता येतो.

पहिली खूण खाजेची. आधी खाज आली आणि मग केस गेले, तर पहिल्या जातीचा संशय घ्या. आधी केस गेले आणि खाज फारशी नाही, तर दुसऱ्या जातीचा.

दुसरी खूण कानाची. हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवा. पिल्लाच्या कानाची कड दोन बोटांत धरून हलकेच चोळा. चोळताच पिल्लू मागचा पाय खाजवल्यासारखा हलवू लागले, तर ती पुष्कळदा खाजेची लूत असते.

तिसरी खूण घरातल्या माणसांची. पिल्लाला उचलून घेणाऱ्या पोराच्या हातांवर किंवा पोटावर लाल, खाजरे पुरळ उठले असतील, तर तीही पहिल्याच जातीची खूण होय.

चौथी खूण इतर कुत्र्यांची. घरात दोन-तीन कुत्री आहेत आणि एकापाठोपाठ एक सारीच खाजवू लागली, तर हा संसर्ग समजावा.

केस गेले म्हणजे लूतच, असेही नाही. कंबरेवर, शेपटीच्या मुळाशी केस गेले असतील आणि अंगावर पिसवा दिसत असतील, तर ती पिसवांची खाज. गोल चकंदळ पडले असेल तर तो नायटाही असू शकतो. कुत्र्याचा नायटा माणसाला लागतो. पिल्लू सारखे डोके झाडत असेल आणि कानात चहाच्या भुकटीसारखा काळपट मळ असेल, तर तो कानातला कोळी. तो तिसराच प्राणी आहे आणि त्याचे औषध निराळे. असे असल्यामुळेच केवळ पाहून औषध घालू नये.

हे इलाज करू नका

आपल्याकडे एक म्हण आहे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. लुतीच्या बाबतीत नेमके असेच होते. पुढचे इलाज गावोगाव चालतात. ते करू नका. कारणेही सांगतो.

जळके तेल, रॉकेल, डिझेल लावू नका. याने कातडी भाजते. पिल्लू अंग चाटते आणि ते तेल पोटात जाते. पोटातून उलटी झाली की फुप्फुसात शिरते. पिल्लू दमा लागल्यासारखे धापा टाकते आणि दगावते. वरून तेल फासल्याने कातडीच्या आतले सगळे कोळी मरत नाहीत ते नाहीतच.

पिकावर फवारायचे औषध लावू नका. ते कातडीतूनही अंगात भिनते. तोंडाला फेस येतो, अंग थरथरते आणि तासा-दोन तासांत जीव जाऊ शकतो. लावणाऱ्या माणसालाही त्याची बाधा होते. फिनेलही कुत्र्याच्या अंगासाठी नाही. ते जमीन पुसण्यासाठी आहे.

गुरांच्या गोचिडांचे औषध अंदाजाने लावू नका. त्यांतल्या काही बाटल्यांत अमिट्राझ नावाचे द्रव्य असते. पशुवैद्य मोठ्या कुत्र्यांसाठी ते मोजून, पाण्यात मिसळून वापरतात. लहान पिल्लाला ते सोसत नाही. पिल्लू गुंगते, झोकांड्या खाते, त्याच्या हृदयाचे ठोके मंद पडतात.

गुरांचे इंजेक्शन पिल्लाला टोचू नका. आयव्हरमेक्टिन नावाचे औषध लुतीवर गुणकारी आहे, यात शंका नाही. जपानमधल्या मातीतल्या एका जंतूपासून या औषधाचा शोध लागला. ओमुरा आणि कॅम्पबेल या दोन शास्त्रज्ञांना त्यासाठी २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण औषध चांगले असले तरी माप चुकले की तेच विष होते. येथे थोडे गणित करू. गुरांच्या नेहमीच्या इंजेक्शनात १ मिलिलिटर औषध ५० किलो वजनाच्या जनावराला पुरते. पिल्लाचे वजन ३ किलो. त्याला कोणी १ मिलिलिटर टोचले, तर ५० भागिले ३, म्हणजे सोळा पटींहून अधिक औषध झाले! पिल्लाचे पाय लटपटतात, डोळ्यांना दिसेनासे होते, ते बेशुद्ध पडते. कोली नावाची मेंढरे राखणारी विलायती कुत्र्यांची जात आहे. त्या जातीच्या अनेक कुत्र्यांना तर हे औषध लुतीच्या मापानेही सोसत नाही. संकर झालेल्या कुत्र्यात कोणते रक्त आहे, हे वरून कळत नाही. म्हणून हे औषध पशुवैद्याच्याच हातून द्यावे.

माणसाची खाजेची ट्यूब लावू नका. दुकानात मिळणाऱ्या अनेक ट्यूबांत स्टेरॉइड नावाचे द्रव्य असते. ते लावले की दोन दिवस लाली कमी दिसते. आपल्याला वाटते, गुण आला. पण हे द्रव्य अंगाची रोगाशी झगडण्याची ताकद दाबून टाकते. दुसऱ्या जातीच्या लुतीत तर हे आगीत तेल ओतण्यासारखे आहे. चार चट्ट्यांची लूत अंगभर होते.

कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याने अंघोळ घातली तर चालेल का, असे पुष्कळ जण विचारतात. कोमट पाणी असेल तर घालायला हरकत नाही. खपल्या मऊ होतात, अंग स्वच्छ होते. पण नुसत्या त्याने लूत जात नाही. गंधक हे लुतीवरचे फार जुने औषध आहे आणि ते खरेच काम करते. पण चुना आणि गंधक यांचे तयार द्रावण पशुवैद्य सांगतील तेवढ्याच मापाने पातळ करून वापरायचे असते. घरी गंधक तेलात खलून जाड थर देऊ नये. पिल्लू ते चाटते.

दवाखान्यात काय होते?

तालुक्याच्या ठिकाणी आणि अनेक मोठ्या गावांत सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. तेथे गाई-म्हशीच दाखवायच्या असतात, असे समजू नका. कुत्रेही दाखवता येते. आपल्या गावाला कोणता दवाखाना जवळ, हे ग्रामपंचायतीत विचारा. पशुसंवर्धन खात्याचा १९६२ हा मोफत फोन क्रमांक आहे, त्यावरही विचारता येते. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. आजार किचकट असेल तर पशुवैद्य तेथे पाठवू शकतात.

दवाखान्यात पशुवैद्य पिल्लाची कातडी बोथट पात्याने हलकेच खरवडतात. थोडे रक्त दिसेपर्यंत खरवडावे लागते. ते पाहून घाबरू नका. खरवडलेला मळ काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. विडीसारखा कोळी असला तर तो बहुधा सापडतोच. खाजेच्या लुतीचा गोल कोळी मात्र चुकार असतो. कातडीत तो थोड्याच जागी असतो, म्हणून निम्म्याहून अधिक वेळा तो सापडत नाही. तो सापडला नाही तरी खुणा पाहून पशुवैद्य त्याचे औषध सुरू करतात. हे बरोबरच आहे.

आता इलाज पूर्वीपेक्षा सोपा झाला आहे. २०१३-१४ सालापासून फ्लुरालानर, अफॉक्सोलानर अशा नावांच्या चघळायच्या गोळ्या निघाल्या. मुळात त्या पिसवा आणि गोचिडांसाठी होत्या. पण दोन्ही जातींच्या लुतींवर त्यांचा चांगला गुण येतो. गोळी वजनावर ठरते, म्हणून पिल्लाचे वजन करतात. ८ आठवड्यांहून लहान किंवा २ किलोहून हलक्या पिल्लाला या दोन गोळ्या देत नाहीत. पिल्लाला कधी झटके आले असतील तर तेही आधी सांगा. फारच लहान पिल्लांसाठी पशुवैद्य मानेवर टाकायचे थेंब किंवा गंधकाचे द्रावण असा सौम्य इलाज निवडतात. जखमांत पू झाला असेल तर त्याचे औषध वेगळे देतात.

औषध अर्ध्यावर सोडू नका

इलाज फसण्याचे एक मोठे कारण हेच आहे. आठ-दहा दिवसांत खाज कमी होते. पिल्लू पुन्हा बागडू लागते. मग घरचे म्हणतात, “झाले बरे. आता कशाला पैसे घालवायचे?” पण सारेच कोळी मेलेले नसतात, अंडीही राहिलेली असतात. तीन आठवड्यांत नवे कोळी तयार होतात आणि लूत परत येते. मग दोष औषधाला देतात!

तणाचे तसेच असते. वरून खुरपले आणि मूळ राहिले, तर पाऊस पडताच तण पुन्हा उगवते. म्हणून पशुवैद्य सांगतील तितके दिवस औषध द्या. खाजेची लूत जायला महिना-दीड महिना लागतो. अंगभर पसरलेली दुसऱ्या जातीची लूत जायला काही महिनेही लागतात. त्या लुतीत दर महिन्याला कातडी खरवडून पाहतात. लागोपाठ दोन वेळा कोळी सापडला नाही, म्हणजे औषध थांबवतात. नुसते केस आले म्हणून थांबवायचे नाही. आजार हत्तीच्या पावलाने येतो आणि मुंगीच्या पावलाने जातो, हे लक्षात असू द्या.

घरची कामे

औषध दवाखान्यातून मिळते. पण निम्मे काम घरीच असते.

खाजेची लूत असेल तर घरातल्या सर्वच कुत्र्यांना एकाच वेळी औषध द्यावे लागते. ज्याला अजून खाज नाही त्यालाही. लूत लागल्यापासून खुणा दिसेपर्यंत कित्येक आठवडे जाऊ शकतात. एकाला औषध दिले आणि दुसरे तसेच ठेवले, तर लूत या अंगावरून त्या अंगावर फिरत राहते.

पिल्लाचे जुने गोणपाट जाळून टाका. चांगली घोंगडी असेल तर उकळत्या पाण्यात भिजवून धुवा आणि कडक उन्हात वाळवा. कुत्र्याच्या अंगावाचून हा कोळी कोरड्या, उबदार जागी थोड्याच दिवसांत मरतो. थंड आणि ओलसर जागी मात्र तो तीन आठवड्यांपर्यंत तग धरू शकतो. म्हणून पावसाळ्यात जास्त जपा. पिल्लाची जागा कोरडी ठेवा.

पिल्लाला पोटभर आणि चांगले खायला द्या. नुसत्या कोरड्या भाकरीवर अंगात ताकद येत नाही. उकडलेले अंडे, मासळी किंवा मटणाचे शिजवलेले तुकडे जमेल तसे द्या. टोकदार हाडे देऊ नका. जंतांचे औषध वेळेवर पाजा. लहान पिल्लांना ते वयाच्या दुसऱ्या आठवड्यापासून, दर पंधरा दिवसांनी, वजनाप्रमाणे देतात. जंत गेले की खाल्लेले अंगी लागते आणि कातडीही सुधारते.

अंगभर दुसऱ्या जातीची लूत झालेल्या कुत्रीला, ती बरी झाली तरी, पिल्ले होऊ देऊ नयेत. अंगाची ती कमी ताकद पिल्लांत उतरते. तिची नसबंदी करून घ्यावी. नराचीही तीच गोष्ट.

माणसांनी काय जपावे?

खाजेची लूत माणसाला थोडी बाधते. हातांवर, कमरेवर, पोटावर लाल पुरळ उठतात आणि खाजतात. पण कुत्र्याच्या कोळ्याचा वंश माणसाच्या अंगावर वाढत नाही. पिल्लाला औषध दिले की बहुधा काही आठवड्यांत हे पुरळ आपोआप जातात. तोवर लेकरांनी पिल्लाला उचलून घेऊ नये आणि अंथरुणात घेऊन निजू नये. पिल्लाला हात लावल्यावर साबणाने हात धुवावे.

मात्र घरातल्या अनेकांना रात्री खाज सुटत असेल, बोटांच्या बेचक्यांत पुरळ असतील आणि ते वाढत असतील, तर ती माणसाची खरूज असू शकते. ती कुत्र्याकडून येत नाही. ती माणसाकडून माणसाला लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि घरातल्या सर्वांनी एकदम औषध घ्या. उगाच पिल्लावर आळ नको.

लूत लागलेले कुत्रे म्हणजे पिसाळलेले नव्हे

हे सर्वांत महत्त्वाचे. उघड्या अंगाचे कुत्रे दिसले की पोरे “पिसाळलेय, पिसाळलेय” म्हणून दगड मारतात. हा मोठा गैरसमज आहे. लूत हा कातडीचा रोग. पिसाळणे हा मेंदूचा रोग. लूत लागलेले कुत्रे धन्याला ओळखते, शेपूट हलवते, खाते-पिते. पिसाळलेल्या कुत्र्याचे वागणेच बदलते. ते कारण नसता चावते किंवा अंधारात दडून बसते. त्याची लाळ गळते, जबडा लोंबतो, त्याला गिळता येत नाही. लूत लागली म्हणून कुत्रे पिसाळत नाही.

तरी सावधपणा हवा. अनोळखी आजारी कुत्र्याला पोरांनी हात लावू नये. आपल्या पिल्लाला तीन महिन्यांचे झाले की पिसाळण्याविरुद्धची लस टोचून घ्या आणि पुढेही पशुवैद्य सांगतील तेव्हा टोचा. कोणत्याही कुत्र्याने चावा घेतला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्या. हळद, चुना, तिखट जखमेत भरू नका. पिसाळलेपणा माणसाला झाला की त्यावर उपाय जवळजवळ नाही. तो टाळण्याचा उपाय मात्र पक्का आहे.

आणि मुक्या जनावराला मारणे हा नुसता निर्दयपणा नाही, तो गुन्हाही आहे. जनावरांना क्रूरतेने वागवू नये यासाठी आपल्या देशात १९६० साली कायदा झाला, आणि तो कुत्र्यालाही लागू आहे. पाळलेले पिल्लू आजारी पडले म्हणून शिवेवर टाकून देणे हेही त्या कायद्यात बसत नाही. शिवाय असे टाकलेले पिल्लू आपली लूत शेजारच्या गावातल्या कुत्र्यांना देते. मग कधीतरी तीच लूत फिरून आपल्या दारात येते.

ध्यानात ठेवा

१. लूत बारीक कोळ्याने होते आणि ती बरी होते.

२. खाजेची लूत लागते. केसांच्या मुळांची लूत माणसाला लागत नाही.

३. जळके तेल, रॉकेल, पिकाचे औषध, गुरांचे औषध आणि खाजेची ट्यूब पिल्लाला लावू नका.

४. पशुवैद्याला दाखवा. पिल्लाचे वय आणि वजन सांगा.

५. बरे दिसले तरी औषध पुरे करा. खाजेच्या लुतीत घरच्या सर्व कुत्र्यांना एकदम औषध द्या.

६. जागा कोरडी, पोट भरलेले, जंत गेलेले आणि लस टोचलेली, असे पिल्लू ठेवा.

वाचा आणि सांगा

१. लुतीच्या दोन जाती कशा ओळखाल?

२. गुरांचे इंजेक्शन पिल्लाला का देऊ नये? गणित करून सांगा.

३. औषध अर्ध्यावर सोडले तर काय होते?

४. तुमच्या गावाला पशुवैद्यकीय दवाखाना कोणता जवळ आहे? त्याचे नाव आणि वार-वेळ पाटीवर लिहा, आणि ज्याला वाचता येत नाही अशा शेजाऱ्याला सांगा.